सागवानी फळीवरचा काळा डाग

ज्या घरातील जमीन शहाबादी फरशीची अथवा शेणाने सारवलेली असते, त्या घरात ठिणगी पडली तरी ती जागच्या जागी विझते आणि कोणाच्या ध्यानातही राहत नाही. परंतु गिरगावातील जुन्या चाळी, पुण्याच्या पेठांतील काही वाड्यांच्या माड्या आणि कोकणातील माळे यांप्रमाणे जेथे सागाच्या फळ्याच पायांखाली उघड्या असतात, तेथे कलंडलेली पणती, मुलाच्या हातून निसटलेली फुलबाजीची तापलेली तार, उदबत्तीचा जळता तुकडा किंवा बाळंतिणीच्या बाजेखालील शेगडीतून उडालेला निखारा, यांपैकी प्रत्येक वस्तू आपली खूण कायमची ठेवून जाते. अशी खूण नजरेस पडताच घरधनी बहुधा पॉलिश कागद घेऊन तेवढ्याच जागी जोरजोराने घासू लागतो, आणि मूळ डागापेक्षा मोठी इजा फळीला येथेच होते. कारण काळेपणा जाईपर्यंत खोलगट खळगा पडतो, खिडकीतून तिरपे ऊन आले म्हणजे तो खळगा स्पष्ट दिसतो, आणि उतरलेले लाकूड पुन्हा चढविण्याची सोय कोणत्याही कारागिराजवळ नसते. सबब, जेवढे जळले तेवढेच काढावे आणि उरलेले कसबाने झाकावे, हा या कामातील पहिला शिरस्ता होय.

किती जळले हे ठरविण्यासाठी लाकूड कसे जळते याची थोडी ओळख हवी. काष्ठाचे मुख्य घटक तीन: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. यांपैकी हेमिसेल्युलोज सर्वांत नाजूक असून सुमारे दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे विघटन सुरू होते व लाकूड तपकिरी पडते. तीनशे अंशांच्या आसपास सेल्युलोजचाही टिकाव लागत नाही, वायू निघून जातात आणि मागे कोळसा उरतो. फुलबाजीच्या ठिणग्यांचे तापमान हजार अंशांच्या वर असते. तथापि लाकूड हे उष्णतेचे मंद वाहक असल्यामुळे, आणि तयार झालेला कोळसा त्याहूनही मंद वाहक असल्यामुळे, क्षणभर टेकलेल्या तारेचा डाग पृष्ठभागापाशीच थांबतो. याउलट राखेखाली धुमसत राहिलेला लहानसा निखारा दिसावयास निरुपद्रवी असला तरी खोल उतरतो. म्हणून डागाची काळजी करण्यापूर्वी फळीच्या खालची बाजू आणि सांधे हाताने चाचपून पाहावेत; कोठे ऊब लागली तर प्रथम पाणी, दुरुस्ती नंतर.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ऑक्झॅलिक आम्लाने लाकडावरील काळे डाग जातात, हे ऐकून अनेक जण जळलेल्या जागेवर त्याचा प्रयोग करतात. ते आम्ल लोखंडी खिळा, ओल आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने पडलेल्या निळसर-काळ्या डागावर खरोखरीच गुणकारी आहे. परंतु कोळसा म्हणजे कार्बन, आणि कार्बनाला विरंजित करील असे कोणतेही द्रव्य घरगुती वापरात नाही. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या जोडीने तपकिरी करपटपणा काहीसा फिका होतो, पण तीच जोडी भोवतालच्या निरोगी सागाचाही रंग उडविते. तेव्हा रसायनांची आशा सोडून हत्याराकडे वळलेले बरे.

पुष्कळदा लाकडाला झळ लागलेलीच नसते, केवळ वरचे पॉलिश बिघडलेले असते. पळस, बोर, कुसुम यांसारख्या वृक्षांवरील कीटकांपासून मिळणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून जे पॉलिश होते, ते सत्तर अंशांच्या सुमारास मऊ पडते आणि उष्णतेबरोबर ओल शिरली म्हणजे पांढुरके दिसू लागते. अशा ठिकाणी सुती कापडाच्या बोळ्यावर नावापुरते स्पिरिट घेऊन, हात कोठेही न थांबविता, पृष्ठावरून हलकेच फिरवीत नेले की लाखेचा थर पुन्हा एकजीव होतो. बोळा थांबला तर तो तेथेच चिकटून पॉलिश उपटतो. पणतीच्या डागाची गोष्ट आणखी निराळी: तेथे जळण्याबरोबर तेलही मुरलेले असते, आणि तेलकट लाकडावर पॉलिश धरत नाही. मुलतानी माती टर्पेंटाइनमध्ये कालवून तिचा लेप द्यावा, वाळल्यावर खरवडावा आणि तेल उतरेपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा.

तपकिरी करपटपणासाठी आपल्याकडील जुने पॉलिशवाले पॉलिश कागद सर्वांत शेवटी हाती घेतात. ताज्या फुटलेल्या काचेचा सरळ धारेचा तुकडा, बोटांना लागू नये म्हणून मागील बाजूस चिंधी गुंडाळून, ते फळीवर किंचित कलता धरतात आणि लाकडाच्या रेषेबरोबर आपल्याकडे ओढतात. धारेपुढे केसासारखे बारीक, कुरळे पापुद्रे निघतात. हे पापुद्रेच कारागिराला मजकूर सांगत असतात: प्रथम ते काळसर भुकटीसारखे तुटतात, मग तपकिरी होऊन लांबू लागतात, आणि फिकट पिवळसर व अखंड निघू लागले की हात आवरावयाचा. खरवडण्याचे क्षेत्र डागाच्या कितीतरी पट लांब, फळीच्या रेषेत पसरत न्यावे, म्हणजे खळगा न होता न जाणवणारा उतार होतो. नंतर १२० आणि १८० नंबरचा कागद, तोही रेषेबरोबरच; आडवा हात फिरला तर प्रत्येक ओरखडा पॉलिशखाली उठून दिसतो. सागाची धूळ काहींच्या त्वचेला व नाकाला बाधते, म्हणून तोंडाला फडके बांधण्यात कमीपणा मानू नये.

या टप्प्यावर अधीर माणूस रंग जुळवावयास घेतो आणि फसतो. ताजा उघडा पडलेला साग हिरवट, मळकट, डागाळलेला दिसतो. प्रकाश आणि हवा लागता लागता तो सोनेरी तपकिरी होतो, आणि त्यास दिवस नव्हे, आठवडे लागतात. एका वृद्ध मिस्त्रींनी घाईला आलेल्या घरधन्याला सांगितलेले शब्द मला या बाबतीत शेवटचे वाटतात: “साहेब, आज रंग लावू नका. लाकडाला थोडं ऊन खाऊ द्या, अर्धा रंग ते स्वतःच आणील.” 

जेथे कोळसा खोल गेला आहे तेथे मात्र खरवडण्याचा हट्ट सोडावा. बारीक पटाशीने काळा भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कोरून काढावा. पोकळी लहान असेल तर रंगीत लाख तापल्या पात्याने वितळवून तीत भरावी व थंड झाल्यावर पातळीस आणावी. पोकळी मोठी असेल तर ठिगळच बसविले पाहिजे, आणि सुतारकामातील हा अत्यंत सुंदर भाग आहे. ठिगळ चौकोनी नसावे, लांबट शंकरपाळ्याच्या आकाराचे असावे. कारण रेषेला काटकोनात जाणारा सांधा डोळ्यांत खुपतो, तर तिरपा सांधा रेषांच्या गर्दीत हरवतो. त्याच्या कडा खालच्या अंगाला किंचित निमुळत्या ठेवल्या म्हणजे ठोकताना ते पाचरीसारखे घट्ट बसते. साग मूळचा तेलकट, म्हणून सरस लावण्यापूर्वी दोन्ही पृष्ठे अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावीत. लाकूड मात्र नवे घेऊ नये. कपाटाखाली किंवा भिंतीलगत त्याच जमिनीचा एखादा तुकडा मिळाला तर त्यासारखा दुसरा जिन्नस नाही. तो न मिळाल्यास पाडकामाच्या वखारीत त्याच वयाची फळी शोधावी आणि रेषा जुळेपर्यंत ती फिरवून फिरवून पाहावी.

आता राहिले झाकण्याचे काम, ज्याला काही मंडळी लबाडी समजतात. मी त्यास चित्रकलेची शाखा समजतो. पिवडी, गेरू आणि चिमूटभर काजळी लाखेच्या पातळ पॉलिशमध्ये खलून प्रथम भोवतालच्या लाकडातील सर्वांत फिकट छटेचा थर द्यावा, तो वाळल्यावर बारीक कुंचल्याने शेजारच्या खऱ्या रेषा ठिगळावरून पुढे ओढाव्यात, आणि ओल्या रेषेची कड बोटाने जराशी पुसट करावी, कारण निसर्गाची रेषा कोठेही सारख्या जाडीची नसते. दिवसाच्या उजेडात जुळलेला रंग दिव्याखाली वेगळा दिसू शकतो. दोन्हींत पारख करावी. आणि रंगाहूनही चकाकी अधिक घात करते. रंगात थोडी तफावत असली तरी डोळा ती क्षमा करतो, परंतु मंद झालेल्या जुन्या जमिनीवर चकचकीत ठिपका दारातूनच दिसतो. शेवटचा हात वाळल्यावर मेण लावलेल्या अतिबारीक लोखंडी लोकरीने तो भोवतालच्या तेजाइतका उतरवावा.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या घरांत ओक वृक्षाच्या, जीभ-खाचेने गुंतविलेल्या फळ्यांची जमीन सर्रास आढळते, आणि दिवाळीत निरांजन तिच्यावरही कलंडते. ही भरीव फळी सामान्यतः १९ मिलिमीटर जाडीची असते, पण जिभेच्या वरचे लाकूड सहा मिलिमीटरच्या आसपासच असल्यामुळे खरवडण्यास मर्यादा आहे. फार जळालेली फळी मधोमध लांबीने कापून, पटाशीने फोडून काढतात. नव्या फळीच्या खाचेचा खालचा ओठ छाटून तिला वरून बसवितात. अलीकडच्या जोडफळ्यांत वरचे खरे लाकूड कधी एक मिलिमीटरहूनही पातळ असते, आणि लॅमिनेटवर तर लाकडाचे केवळ छापील चित्र; तेथे खरवडण्याचा विचारही करू नये, फळी बदलावी किंवा रंगीत मेण भरून समाधान मानावे.

काम आटोपल्यावर चिंध्यांचा बंदोबस्त विसरू नये. ज्यांनी लाखेऐवजी जवसाच्या तेलाचा हात दिला असेल त्यांनी हे विशेष ध्यानी धरावे: जवसाचे तेल वाळताना हवेतील प्राणवायू शोषून उष्णता निर्माण करते, आणि तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर कोणी काडी न लावताही तो पेट घेतो. त्या चिंध्या उघड्यावर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवाव्यात, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून मगच टाकाव्यात.