खिडकीतली आफ्रिकन वेल

ठाण्याच्या वर्तकनगरातील म्हाडाच्या जुन्या इमारती जाऊन त्या जागी गगनचुंबी मनोरे उभे राहत असताना, अंगणाला पारख्या झालेल्या बिऱ्हाडांनी खिडकीच्या जाळीत ज्या वनस्पतींना आश्रय दिला, त्यांत जांभळट, सुतासारख्या देठावर हृदयाकृती मांसल पाने जोडीजोडीने वागवणारी एक नाजूक वेल अलीकडे वारंवार दृष्टीस पडते. रोपवाटिकेत ती ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्‌स’ म्हणून खपते; शास्त्राच्या दप्तरी तिची नोंद ‘सेरोपेजिया वुडी’ अशी आहे. जॉन मेडली वुड यांना ती १८८१ साली दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात खडकांवरून लोंबताना आढळली आणि १८९४ मध्ये श्लेख्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे नामकरण करताना वुड यांचेच नाव तिला दिले.

गिऱ्हाईक भुलते ते पानावरील रुपेरी नक्षीला. पण या वेलीचे खरे शहाणपण तिच्या कंदांत आहे. अवर्षणाची बेगमी म्हणून ती जमिनीत कंद धरतेच, शिवाय वेलीच्या पेरांवरही मण्यांएवढे कंद धरते, आणि असा एखादा कंद मातीला टेकला की तेथे मुळे फुटून नव्या वेलीचा संसार सुरू होतो.

फूल मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जेमतेम इंचभर लांबीची, तळाशी फुगीर अशी ती नळी असून, तिच्या मुखावरील पाच काळसर, केसाळ पाकळ्या शेंड्यांशी जुळून लहानसा पिंजरा होतो. गंधाने ओढली गेलेली चिमुकली माशी आत शिरते, नळीतील खाली वळलेल्या केसांमुळे तिचा परतीचा मार्ग रोखला जातो आणि केस सुकून तिची सुटका होईपर्यंत परागपुंज तिच्या अंगाला चिकटलेले असतात. कैद्याकडून काम करून घेऊन त्याला सोडण्याची ही तजवीज कोणत्याही तुरुंगाधिकाऱ्याने हेवा करावा अशी आहे.

हीच रचना आपल्या सह्याद्रीतही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कंदीलपुष्प किंवा खरपुडी या नावांनी परिचित असलेल्या वनस्पती याच प्रजातीतील. हरिश्चंद्रगडावरील ‘सेरोपेजिया लॉई’ आणि सिंहगडावरील ‘सेरोपेजिया मॅकॅनी’ या तर अतिशय दुर्मिळ. पावसाळ्यात त्या कंदांतून वर येतात, फुलतात आणि पाऊस सरला की पुन्हा जमिनीखाली मुक्काम करतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव यांनी त्यांच्या अभ्यासासाठी व संवर्धनासाठी दीर्घकाळ परिश्रम घेतले.

आफ्रिकन पाहुणीला ठाण्याचा आषाढ मात्र सोसत नाही. पाणी साठवणाऱ्या झाडाला रोज पाणी घालणे हा आपल्याकडील लाडाचा प्रकार; त्याने कंद कुजतो. कुंडीत वाळू व वीटचुरा मिसळावा, माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे आणि जून ते सप्टेंबर वेल पावसाच्या सरींपासून दूर, पण उजेडात टांगावी. हौस तेवढ्यावर भागवावी. गडावर फिरताना कंदीलपुष्प दिसले, तर डोळे भरून पाहावे, छायाचित्र घ्यावे, मात्र कंद उकरू नये.