काट्यानें काटा

हेरकथा म्हटली कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें शेरलॉक होम्स उभा राहतो. एक गुन्हेगार सांपडला कीं समाज पुनः निर्मळ झाला, अशी त्या कथांची श्रद्धा असते. डॅशिएल हॅमेट या अमेरिकन लेखकानें १९२९ सालीं ‘रेड हार्वेस्ट’ ही कादंबरी प्रसिद्ध करून या श्रद्धेस सुरुंग लाविला. हॅमेट स्वतः पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेंत नोकरीस होता. त्यामुळें त्याचें लेखन ऐकीव वाटत नाहीं.

पर्सनव्हिल हें खाणींवर जगणारें, चाळीस हजार वस्तीचें कल्पित गांव. खाणमालक एलिहू विल्सन यानें मजुरांचा संप मोडण्यासाठीं भाडोत्री गुंड आणिले. संप मोडला, पण गुंड तेथेंच ठाण मांडून बसले. पोलिसांचा मुख्यहि त्यांना सामील झाला. मालकाच्या मुलानें बोलाविलेला निनावी हेर गांवीं पोहोंचतो, तों त्या मुलाचाच खून होतो. मग हेर गुंडांच्या टोळ्या परस्परांवर सोडतो आणि प्रेतांचा खच पडतो. कायद्याची वाट मोकळी असतांहि मारामारी सोपी वाटली, अशी कबुली तो स्वतःच देतो. अखेर सैनिक येऊन गांव शांत करितात, परंतु तें पुनः त्याच मालकाच्या स्वाधीन होतें.

काट्यानें काटा निघतो खरा. पण दुसरा काटा हातांत उरतो, त्याचें काय? आमच्या मतें या प्रश्नासाठीं तरी घरांतील तरुणांनीं हें पुस्तक वाचावें, आणि रक्तपाताच्या वर्णनांमुळें वडीलधाऱ्यांनीं तें त्यांच्या हातून काढून घेऊं नये.