पुन्हा पुन्हा येणारा कंदील

या वर्षीच्या व्याख्यानानंतर नववीतील एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला : ‘हुसेन यांनी जन्मभर तोच तो घोडा का काढला? त्यांना दुसरे काही सुचत नव्हते काय?’ सभागृहात हशा पिकला आणि वेळेअभावी उत्तर अपुरे राहिले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. एखादा चित्रकार एकच आकृती वर्षानुवर्षे काढीत राहतो, तेव्हा तिला कल्पनादारिद्र्याची खूण समजावे की शोधाची, हा कलासमीक्षेतील खरोखरीच वादाचा मुद्दा आहे. शिवाय हा चित्रकार आपल्या इंदुरात वाढलेला. म्हणून त्या उत्तराचा राहिलेला भाग येथे मांडीत आहे.

चित्रकलेतील पुनरावृत्तीला उघड प्रतिष्ठा मिळवून दिली ती पॉप आर्टने. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत जाहिराती, सिनेमातारका, डबाबंद खाद्यपदार्थ यांनी रोजचे जीवन व्यापले, आणि काही चित्रकारांनी ह्याच वस्तू चित्रविषय म्हणून उचलल्या. १९६२ साली अँडी वॉरहॉल यांनी लॉस एंजेलिस येथे सुपाच्या डब्यांची ३२ चित्रे ओळीने मांडली. चित्रे जवळजवळ सारखी. फरक केवळ डब्यावरील सुपाच्या प्रकाराचा. किराणा दुकानातील फळीकडे पाहताना आपली नजर एकाही डब्यावर ठरत नाही, तसेच तेथे घडते. येथे पुनरावृत्ती प्रतीकातील अर्थ हळूहळू काढून घेते, आणि उरलेली पोकळी हेच चित्राचे सांगणे असते.

मकबूल फिदा हुसेन यांना पॉप चित्रकार म्हणणे मला मान्य नाही. परंतु त्या दालनाच्या उंबरठ्यापर्यंत ते स्वतःच्या वाटेने पोहोचले होते. ती वाट सिनेमाच्या फलकांची. मुंबईत उमेदवारीच्या काळात चौरस फुटामागे काही आणे घेऊन त्यांनी चित्रपटांचे प्रचंड फलक रंगविले. अमेरिकेतील जेम्स रोझेनक्विस्ट हे पॉप चित्रकारही न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींचे फलक रंगवीतच पुढे आले. शिडीवर उभे राहून वीतभर अंतरावरून हातभर लांबीचा डोळा रंगविणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते : रस्त्यावरून जाणाऱ्याला आकृती एका दृष्टिक्षेपात ओळखू आली पाहिजे. हुसेन यांची जाड, न डगमगणारी रेषा तेथेच घडली असावी, असे मला वाटते.

मात्र त्या रेषेत भरावयाचा ऐवज इंदूरचा होता. १९१५ साली पंढरपुरात त्यांचा जन्म झाला. आई झैनब ते तान्हे असतानाच वारली. तिचे एखादे छायाचित्रही मागे राहिले नाही. वडिलांसह ते इंदुरास आले. आजोबा कंदिलांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करीत. येथील चित्रकला शाळेत दत्तात्रय दामोदर देवळालीकर शिकवीत होते. त्यांच्याच हाताखाली आपले नारायण श्रीधर बेंद्रे तयार झाले. उघड्यावर बसून निसर्गचित्र काढणाऱ्या ह्या मुलाचे गुण बेंद्र्यांनी हेरले आणि त्याच्या वडिलांकडे त्याची रदबदली केली. ह्या शहराने हुसेन यांना केलेली ही फार मोठी मदत होय.

आता तो कंदील पाहा. १९५६ च्या ‘बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प’ ह्या चित्रात स्त्रियांचा समूह आहे, धाग्याला लोंबणारा कोळी आहे, आणि दिवा आहे. १९६७ साली त्यांनी राजस्थानात ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला. त्यास निवेदन नाही. कंदील, छत्री, जोडा अशा वस्तू किल्ल्यांच्या आणि वाळवंटाच्या पार्श्वभूमीवर येतात व जातात. बर्लिनच्या महोत्सवात त्यास सुवर्ण अस्वलाचा सन्मान मिळाला. कंदील प्रत्येक ठिकाणी निराळा शेजार घेऊन येतो. म्हणून त्याचा अर्थही एकच राहत नाही. स्त्रियांच्या घोळक्यात तो घराची ऊब देतो, उजाड वाळूत पोरका दिसतो. येथे पुनरावृत्ती प्रतीक रिते करीत नाही, त्यात भर घालीत जाते.

घोड्याचेही तसेच. इंदूरच्या मोहरमच्या मिरवणुकीतील दुलदुल त्यांनी लहानपणी पाहिला होता. १९५२ साली चीनमध्ये तांग राजवटीतील मातीचे घोडे पाहिले. दोहोंच्या मिलाफातून उधळलेली मान आणि फुगलेल्या नाकपुड्या आल्या. तथापि प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याची बाजूही सोडता येत नाही. पुढे पुढे मागणी वाढली, आणि कित्येक घोडे शोधाऐवजी सहीसारखे उमटले. ज्याच्या घरात असा घोडा टांगलेला असेल त्यास हे रुचणार नाही. पण चांगल्या चित्रकाराचीही प्रत्येक पुनरावृत्ती चांगली नसते.

माझ्या मते त्यांचे सर्वांत खोल प्रतीक घोडा नव्हे. ते आहे चेहरा नसलेली आई. मदर तेरेसा यांच्यावरील चित्रमालिकेत निळ्या काठाची पांढरी साडी आहे, कुशीतले मूल आहे, आणि मुखाच्या जागी पोकळी. वॉरहॉल यांच्या डब्यांतही पोकळी होती, हे आठवावे. परंतु ती पाहून पाहून आलेली होती. ही कधीच न पाहिल्यामुळे आलेली. २००० सालच्या ‘गजगामिनी’ चित्रपटातही डोक्यावर गाठोडे घेतलेली अशीच एक स्त्री चालत राहते.

१९९६ पासून त्यांच्या काही चित्रांवरून खटले झाले, धमक्या आल्या. २००६ साली त्यांनी देश सोडला. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने प्रमुख खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्या वर्षांतही घोडे येतच राहिले. त्यांपैकी कोणते सहीसारखे आणि कोणते दुलदुलाच्या कुळातले, हे त्या विद्यार्थ्याने चित्रे शेजारी शेजारी ठेवून स्वतःच ठरवावे.