नरजन्म कशासाठी? वसईच्या संत गोन्सालोंचे उत्तर

मार्गशीर्षातील गुरुवारची व्रते आणि नाताळ बहुधा आगेमागेच येतात. वसई परिसरात एका घरी कलशावर नारळ ठेवून महालक्ष्मीची कहाणी वाचली जाते, तर शेजारच्या ख्रिस्ती घराच्या ओट्यावर गवताचा गोठा उभारून बाळ येशूसाठी गव्हाण मांडली जाते. त्या गव्हाणीकडे पाहताना जो प्रश्न मनात यावा, तो कोणा एका धर्माचा नव्हे. हा नरजन्म लाभला, तो कशासाठी?

ख्रिस्ती धर्मात याच्या उत्तराला ‘पाचारण’ असे नाव आहे. पाचारण म्हणजे देवाने घातलेली साद. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रेम करावे, ही साद सर्वांना सारखीच. ते प्रेम कोणत्या कामातून करावयाचे, हे मात्र ज्याचे त्याने ओळखावयाचे. आपण ज्याला स्वधर्म म्हणतो, त्याच्या जवळचाच हा विचार आहे. परंतु ही साद पहिल्याच हाकेला स्पष्ट ऐकू येते काय? वसईच्या सुपुत्राचे चरित्र सांगते, की नाही.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज अमलाखालील वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. बालपणी येशूसंघाच्या धर्मगुरूंजवळ त्यांचे शिक्षण झाले आणि वयाच्या सुमारे पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबरच ते जपानला गेले. तेथील भाषा आत्मसात करून त्यांनी कित्येक वर्षे धर्मशिक्षणाचे काम केले. आपणही त्या संघात प्रवेश करावा, ही त्यांची मनीषा होती. ती पूर्ण झाली नाही. संघाने त्यांना प्रवेश दिला नाही.

निराश होऊन ते व्यापारात शिरले. व्यापार भरभराटीस आला, धन आले, मान आला. तरी मनाची तहान शमली नाही. पुढे फिलिपाइन्समधील मनिला येथे सर्व सोडून ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे धर्मबंधू म्हणून. १५९३ साली त्या संघाचे धर्मगुरू जपानला निघाले, तेव्हा दुभाषा हवा होता. तरुणपणी शिकलेली, वाया गेली असे वाटावे अशी ती भाषा आता कामी आली. क्योटो नगरीत या संघाने कुष्ठरोग्यांची शुश्रूषा आरंभिली. ज्यांच्याजवळ कोणी जात नसे, त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत गोन्सालो बोलू शकत होते.

पुढे जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याचा परकीय धर्मप्रसारकांवर रोष झाला. १५९६ च्या अखेरीस गोन्सालो व त्यांचे सोबती पकडले गेले. डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली, ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी एकूण २६ जणांना क्रुसावर देहान्त शिक्षा झाली. १८६२ साली पोपमहाशयांनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत होत. वसईजवळच्या गास येथील चर्च आणि वसईतील महाविद्यालय आज त्यांचे नाव धारण करून आहे.

या कथेतील हौतात्म्य थोर आहे. पण आपणां प्रापंचिकांना त्यातील मधला काळ अधिक शिकवून जातो. दार बंद झाले, म्हणजे साद थांबली असे नव्हे. आपल्याही घरातला एखादा मुलगा हव्या त्या परीक्षेत मागे पडतो, मुलीचे शिक्षण परिस्थितीमुळे अर्धवट राहते, एखादा गृहस्थ निवृत्त होतो आणि ‘आता आपला उपयोग काय?’ असे म्हणू लागतो. अशा वेळी घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना दोन प्रश्न विचारावे: आजवर आपल्या हाती काय आले आहे? आणि त्याची गरज कोणाला आहे? गोन्सालोंच्या हाती एक भाषा होती. गरज कुष्ठरोग्यांना होती. या दोहोंची गाठ पडली, तेथे त्यांना जीवनाचे प्रयोजन सापडले. पद लहान होते, यामुळे त्यात काहीच उणे आले नाही.

यंदा शेजारच्या गोठ्यातील दिवा पाहावयास आपण मुलाबाळांसह जाऊ, तेव्हा त्या गव्हाणीपाशी वसईच्या या सुपुत्राची कथा त्यांना अवश्य सांगू या. आणि घरी परतल्यावर देवापुढे हात जोडताना, काही मागण्याआधी, आपल्याला कोणती साद येत आहे ती क्षणभर ऐकू या.