पावसाळ्यात म्हसळ्याची वाट: समुद्र पाहावा, पण दुरून

दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत माणगावहून श्रीवर्धन, दिवेआगर किंवा हरिहरेश्वरकडे जाणारी वाहने म्हसळ्यात थांबतात ती फार तर चहापुरती. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील हे तालुक्याचे गाव पर्यटकाच्या लेखी मुक्कामाचे नव्हे, वाटेवरचे ठिकाण. जून उजाडला की किनाऱ्याचे चित्र पालटते. जलक्रीडा बंद होतात, मुरूडहून जंजिऱ्याकडे जाणाऱ्या होड्या थांबतात, गेटवे ते मांडवा ही प्रवासी जलवाहतूक खंडित होते आणि यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी लागू होते. तरीही शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची वाहने याच रस्त्याने समुद्राकडे धावत असतात. उतरलेले दर, कमी गर्दी आणि दाट हिरवाई ही आकर्षणे खोटी नाहीत. मात्र या चार महिन्यांत दक्षिण रायगडात जावे ते समुद्रात उतरण्यासाठी नव्हे, जमीन पाहण्यासाठी, हे ध्यानात न घेतल्यास सहलीची किंमत जिवाने मोजावी लागते.

किनारा तोच, समुद्र निराळा

हिवाळ्यात दिवेआगरची रुंद, सपाट पुळण पाहिलेल्याला पावसाळ्यातला किनारा ओळखू येत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी दूर समुद्रात उठवलेल्या उंच लाटा किनाऱ्यावर आदळतात आणि परतताना वाळू ओढून नेतात. ही वाळू थोड्या अंतरावर पाण्याखाली साचून तिचे बांध तयार होतात. पुळण अरुंद होते, तिचा उतार वाढतो. लाटांनी बांधापलीकडून आत ढकललेले पाणी परत जाण्यासाठी या बांधांमधील फटी शोधते आणि तेथून समुद्राच्या दिशेने वेगवान प्रवाह सुरू होतो. धोका असा, की या प्रवाहाच्या जागी लाटा कमी फुटतात. अनोळखी माणसाला नेमकी तीच जागा शांत वाटते आणि तो तेथेच पाण्यात शिरतो. अशा ओढीत सापडल्यास थेट किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न पट्टीच्या पोहणाऱ्यालाही थकवतो. प्रवाह अरुंद असल्याने किनाऱ्याला समांतर पोहत त्याच्या बाहेर पडणे हाच उपाय. पण लाटा खवळलेल्या असताना तोही भरवशाचा नाही. म्हणून पाण्यात न उतरणे हेच शहाणपण. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची व्यवस्था आहे, आणि तेथेही पावसाळ्यात पोहू नये असेच बजावले जाते.

भरतीची वेळ ओळखण्याचा एक साधा हिशेब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. सकाळी तसेच रात्री. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर सर्वांत कमी. हरिहरेश्वरला या हिशेबाचे महत्त्व विशेष. तेथील प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या पायथ्याशी, लाटांनी कोरून काढलेल्या खडकांवरून जाते आणि भरतीला पाण्याखाली जाते. इतर ऋतूंत ओहोटी पाहून ती पार करता येते. पावसाळ्यात मात्र शेवाळलेला खडक आणि अवचित येणारी मोठी लाट यांमुळे ओहोटीचाही भरवसा धरता येत नाही. या दिवसांत दर्शन देवळात घ्यावे, समुद्र वरूनच पाहावा.

घाटाचा स्वभाव

माणगावहून म्हसळा सुमारे ३० किलोमीटर; वाटेत घोणसे घाट लागतो. पुण्याकडून येणाऱ्याला त्याआधी ताम्हिणी उतरावा लागतो. समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि कोसळते. त्यामुळे किनाऱ्यावर भुरभुर असताना घाटात धो-धो पाऊस असू शकतो. सलग पावसाने डोंगरउतारावरची माती पाणी पिऊन जड होते आणि खालच्या कठीण खडकावरून घसरते. २२ जुलै २०२१ रोजी शेजारच्या महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे दगावली. म्हणून निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहणे ही औपचारिकता नव्हे. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे खात्याच्या भाषेत ‘अत्यंत मुसळधार’. लाल इशारा असेल त्या दिवशी बेत रद्द करावा. नारिंगी असेल तर घाट दिवसाउजेडीच पार करावा आणि पाणी वाहत असलेल्या पुलावर वाहन घालू नये.

मग पाहायचे काय?

म्हसळ्याच्या आसपास जुलैत भातलावणी चालते. चिखलणी केलेली खाचरे, राजपुरी खाडीच्या वरच्या टोकाकडे उतरणारे ओहोळ, जांभ्या दगडाचे गडगे आणि त्यांवर वाढलेले नेचे हे सारे उन्हाळ्यात दिसत नाही. बाजारात टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या येतात. मोठी मासेमारी थांबलेली असल्याने ताटात सुके बोंबील, सोडे, जवळा आणि खाडीतली मासळी असते. ताज्या पापलेटचा आग्रह धरणाऱ्या पाहुण्याच्या पानात या दिवसांत बहुधा बर्फातलीच मासळी पडणार.

श्रीवर्धनची ‘रोठा’ सुपारी प्रसिद्ध आहे. तिच्या वाड्यांतून फिरताना उंच झाडांच्या मध्ये बुटकी, तरुण झाडे दिसतील. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. पोफळीला नीट उत्पन्न यायला सात-आठ वर्षे लागतात. करोनाच्या टाळेबंदीने पाहुणे थांबलेले असतानाच बागाही गेल्याने अनेक कुटुंबांची दोन्ही उत्पन्ने एकदम आटली. घरगुती निवासाला पावसाळ्यात येणारा एखाददुसरा पाहुणा म्हणूनच मोलाचा असतो.

मात्र हे दिवस गावाच्या विश्रांतीचे नसतात. लावणीत घरातली सारी माणसे शेतात असतात. पोफळीला कोळेरोग लागू नये म्हणून पावसाची उघडीप साधून झाडांवर चढून बोर्डो मिश्रण फवारावे लागते. त्यामुळे न कळवता दारात गाडी उभी करणे बरे नव्हे. आधी दूरध्वनी करावा, त्याच वेळी रस्त्याची, विजेची, पुलांची चौकशी करावी. यजमानाने ‘आज येऊ नका’ म्हटले, तर तो आपल्याच मिळकतीवर पाणी सोडून पाहुण्याची काळजी वाहतो आहे, हे ओळखावे.

निवड करता आली, तर श्रावणाचा उत्तरार्ध सर्वांत सोयीचा. पावसाचा जोर बहुधा ओसरलेला असतो, लावणी आटोपलेली असते, नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांतून समुद्राला नारळ अर्पण होतो आणि नौका पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. तेव्हाही लाटा उंचच असतात. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारा कोळी ज्या काळात आपली होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो, त्या काळात शहरातून आलेल्याने पाण्यात उतरण्याची घाई करण्याचे कारण नाही.