पायापासून सुटलेला चेंडू : ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर 6’चे बळ आणि उणिवा

जपानच्या कोनामी कंपनीने 2006 मध्ये बाजारात आणलेला ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर 6’ हा गेम प्लेस्टेशन 2 या यंत्राच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात आला आणि जपानमध्ये त्याच पिढीचा खेळ ‘विनिंग इलेव्हन 10’ या नावाने खेळला गेला. शिंगो ताकात्सुका यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या या मालिकेची चर्चा निघाली की खोट्या संघनामांचा दोष हमखास पुढे केला जातो. परंतु या गेमचे मोल आणि त्याची खरी मर्यादा या दोन्ही गोष्टी चेंडूच्या हाताळणीतच शोधाव्या लागतात.

त्या काळातील बऱ्याच फुटबॉल गेममध्ये धावणाऱ्या खेळाडूच्या पायाशी चेंडू जणू बांधलेला असे. येथे मात्र प्रत्येक स्पर्शागणिक चेंडू पायापासून थोडा पुढे सुटतो, आणि तो किती सुटेल हे त्या खेळाडूच्या गुणांकांवर, म्हणजे 99 पर्यंतच्या मापनपट्टीवर दिलेल्या कौशल्याच्या आकड्यांवर, अवलंबून असते. वेग, प्रवेग, तोल, फटक्याचा जोर, लांब पासची अचूकता असे वेगवेगळे गुणांक असल्यामुळे दोन आघाडीवीर हाताला अगदी निराळे जाणवतात. इंटर मिलानच्या आद्रियानोला फटक्याच्या जोरासाठी पूर्ण 99 गुण होते, त्यामुळे चेंडू त्याच्या डाव्या पायावर आला की गोलक्षेत्राच्या बराच बाहेरूनही बचावफळीला धास्ती वाटे. कमजोर पायाची अचूकता आणि त्याचा वापर किती वेळा होईल हे सांगणारे आकडेही स्वतंत्र होते. शिवाय सामन्यापूर्वी प्रत्येक नावापुढे त्या दिवसाची तब्येत दाखवणारा रंगीत बाण येत असल्याने, बाण खाली झुकलेल्या नामांकित खेळाडूला बसवावे की नाही, असा खऱ्या प्रशिक्षकाला पडणारा प्रश्न गेम खेळणाऱ्यालाही पडत असे.

या रचनेतील सर्वांत सूक्ष्म सोय ‘सुपर कॅन्सल’ नावाने ओळखली जाते. पास दिला की तो घेणाऱ्या खेळाडूला संगणक आपोआप चेंडूच्या वाटेवर नेतो. मात्र आर1 आणि आर2 ही बटणे एकत्र दाबली की ती ओढ तुटते आणि खेळाडू मोकळा होतो. मग चेंडू मुद्दाम पुढे जाऊ देऊन बचावपटूला चुकवणे, किंवा चेंडू कोठे पडेल याचा अंदाज बांधून तेथे आधीच जाऊन उभे राहणे शक्य होते. ही युक्ती गेम स्वतःहून फारशी शिकवत नाही, ती सरावानेच अंगवळणी पडते. इतक्या साध्या दोन बटणांत फुटबॉलमधील जागेची जाण सामावणे ही या गेमची असामान्य कामगिरी मानावी लागेल.

‘मास्टर लीग’ हा दीर्घ पल्ल्याचा प्रकारही असाच चिकाटी मागणारा आहे. कास्तोलो, मिनांडा, इवारोव असे काल्पनिक आणि सुमार खेळाडू घेऊन सुरुवात होते, विजयातून गुण मिळतात, आणि हंगामाअखेर त्या गुणांतून पगार भागवता आला नाही तर खेळ तेथेच संपतो. कास्तोलोसारख्या कधीही अस्तित्वात नसलेल्या खेळाडूविषयी जगभर निर्माण झालेला जिव्हाळा हा त्या टंचाईचाच परिणाम होय.

परवान्यांचा, म्हणजे खरी नावे व गणवेश वापरण्याच्या विकत घेतलेल्या हक्कांचा, अभाव मात्र डोळ्यांत भरण्याजोगा होता. लिव्हरपूलला ‘मर्सीसाइड रेड’ आणि चेल्सीला ‘लंडन एफसी’ म्हणावे लागले, तर जर्मनीची बुंडेसलिगा या गेममध्ये नव्हतीच. प्रतिस्पर्धी ‘फिफा’ मालिकेचे बळ नेमके याच हक्कांत होते. ‘फिफा 22’ मध्ये इंडियन सुपर लीग समाविष्ट झाल्यावर मुंबई सिटी आणि एफसी गोवा यांच्या नावाने खेळता येऊ लागले, यावरून अशा हक्कांचे चाहत्यांना वाटणारे मोल लक्षात येते. तरीही ही उणीव भरून काढण्यासारखी होती, कारण गेममधील संपादन विभागात नावे, गणवेश, बोधचिन्हे सारे बदलता येत असे, आणि हौशी मंडळी तासन्‌तास खपून तयार केलेल्या ‘ऑप्शन फाइल’ एकमेकांना देत असत.

ज्याला असा उपाय नव्हता तो दोष हालचालीचा. खेळाडू मुख्यतः आठच दिशांना वळत असल्यामुळे तिरकस धावेत कोन तुटक वाटत, आणि मैदानावरील मोकळी जागा डोळ्यांना दिसत असूनही नेमकी तिच्याकडे जाता येत नसे. त्यातच वेगाच्या गुणांकाला अवाजवी वजन असल्याने, एका चपळ आघाडीवीरामागे लांब थ्रू पास टाकत राहणे हा मार्ग फार वेळा फळत असे, तर गोलरक्षक जोरदार फटका धरण्याऐवजी पुढच्या आघाडीवीराच्या पायाशी ढकलून देत. ज्या गेमने चेंडूला मोकळे केले, त्याने चेंडूमागे धावणाऱ्याला मात्र आठ रेषांत अडकवून ठेवले, हा त्यातील सर्वांत मोठा अंतर्विरोध होय. 2009 च्या ‘फिफा 10’ ने सर्व बाजूंना वळू देणारे ड्रिब्लिंग आणले तेव्हा या मालिकेचा वरचष्मा संपत चालला असल्याचे स्पष्ट झाले. त्या सत्तांतराचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.