आजीचं बीपीचं मशीन

गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगला माझी आई पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. बॅगेत लाडू-चकलीच्या डब्यांसोबत तिचं बीपीचं मशीनही होतं. युनिव्हर्सिटीतून घरी आलेल्या नातवाला ती म्हणाली, "ये रे, तुझंही बघते." आकडा आला 138/86. वय वर्षं वीस! "मशीन जुनं झालंय," म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. आई मात्र हसली नाही.

आपल्या पिढीच्या डोक्यात 140/90 ही मर्यादा पक्की बसलेली आहे. पण अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2017 मध्ये ती 130/80 वर आणली. अर्थात एका मोजणीवरून काही ठरत नाही. पहिल्या वेळी चिरंजीव सोफ्यावर आडवे पडून, एका हातात फोन धरून गप्पा मारत होते. मग आम्ही रीतसर मोजलं: पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, फोन दुसऱ्या खोलीत. आठवडाभराची सरासरी 132/82 आली, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो.

त्यांचा पहिला प्रश्न मिठाबद्दल नव्हता. "रात्री झोपतोस किती वाजता?" त्याने फोनमधला स्क्रीन टाइम दाखवला. दिवसाला सात तासांच्या वर, आणि रात्री दीड-दोनपर्यंत.

डॉक्टरांनी सांगितलेलं थोडक्यात असं. गाढ झोपेत आपला रक्तदाब साधारण 10 ते 20 टक्के खाली येतो, रक्तवाहिन्यांना विसावा मिळतो. झोप तुटकी किंवा अपुरी झाली की तो विसावाही कमी होतो. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2022 मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या मुख्य निकषांत झोपेची भर घातली. बॉस्टनच्या संशोधकांनी झोपण्यापूर्वी छापील पुस्तक वाचणाऱ्यांची आणि प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांची तुलना केली होती. पडद्यावर वाचताना मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक उशिरा वाढलं आणि झोपही उशिरा लागली.

फोन थेट बीपी वाढवतो, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. फोनमुळे जागरण होतं, जागरणासाठी एनर्जी ड्रिंक लागतं, बसणं वाढतं, चालणं कमी होतं. शिवाय आपण दक्षिण आशियाई! आपल्याकडे हृदयविकार आणि मधुमेहाचा धोका जास्त. म्हणून तर शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या आपल्या लोकांवर 'मसाला' नावाचा अभ्यास 2010 पासून चालू आहे.

परतताना गाडीत मी उपदेश सुरू केला. मुलगा शांतपणे म्हणाला, "आई, रात्री माझा फोन कोणामुळे वाजतो ते बघ." आमचा फॅमिली ग्रुप! इथे मध्यरात्र, तेव्हा पुण्यात सकाळचे साडेनऊ-साडेदहा. मावशीचं सुप्रभात, काकांचे फॉरवर्ड, मामाच्या नातीचे व्हिडिओ. "आणि फोन बंद ठेवला तर तूच घाबरतेस. मागे एकदा उचलला नाही, तर तू रूममेटला फोन केलास!"

खरं होतं. काळजीपोटी त्याच्या उशाशी फोन ठेवायला मीच लावलं होतं.

मग आम्ही तह केला. रात्री अकरानंतर त्याचा फोन टेबलावर चार्जिंगला, उठायला साधं गजराचं घड्याळ. घरचे दोन नंबर तेवढे वाजतील, तेही अडीअडचणीलाच. फॅमिली ग्रुप म्यूट. आजीशी गप्पा रविवारी सकाळी, म्हणजे तिच्या संध्याकाळी, निवांत. एनर्जी ड्रिंक बंद, रोज अर्धा तास चालणं. उन्हाळ्यात घरी आला तेव्हा सरासरी 122/76 होती. यात फोनचा वाटा किती आणि चालण्याचा किती, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी मोजत राहायला सांगितलं आहे.

या दिवाळीला मुलं घरी आली की फराळाआधी त्यांचं बीपी एकदा जरूर मोजा. आणि भारतातल्या नातेवाईकांनो, तुमचं सुप्रभात आम्हाला हवंच आहे. फक्त आमची सकाळ होऊ द्या!